आयोजकाचं शेवटचं काम

छोट्या संगीत सभा बहुतेक वेळा एकाच वाक्याने संपतात : "यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बघू." सभा चालवणारा माणूस आजारी पडलेला असतो, थकलेला असतो किंवा गाव सोडून मुलाकडे राहायला गेलेला असतो. कुणाचं भांडण झालेलं नसतं, पैशांचा घोटाळा नसतो, श्रोतेही यायला तयार असतात. पण कलाकारांना फोन कुणी करायचा, सभागृहाची तारीख कुणी धरायची, वर्गणीला कुणाच्या दारात जायचं हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतं. ते पुढचं वर्ष उजाडतच नाही. लोक काही दिवस हळहळतात, त्या माणसाच्या आठवणी काढतात आणि "त्यांच्यासारखं कोण करणार" असं म्हणून मोकळे होतात.

या हळहळीवर माझा आक्षेप आहे. आमच्या तालुक्याच्या गावात अनेक वर्षांपासून एकल तबलावादनाची दोन दिवसांची सभा भरते. तिच्या आयोजनाचा भार माझ्याकडे होता. पुढच्या वर्षापासून तो नसेल. माझी प्रकृती बरी आहे, तबल्याचं वेड तसूभर कमी झालेलं नाही, कुणावर रागही नाही. तरीही मी बाजूला होतो आहे, कारण हातपाय आणि स्मरणशक्ती शाबूत असताना काम दुसऱ्यांच्या हाती देणं हा आयोजनाचाच भाग आहे, अशी माझी खात्री झाली आहे. आपण कार्यकर्ते सगळं करतो आणि नेमका हा भाग मृत्यूवर किंवा आजारपणावर सोडून देतो.

मुळात हे काम काय असतं ते सांगितल्याशिवाय सोपवण्यातली अडचण कळायची नाही. एकल तबल्याला श्रोता कमी, हे उघड आहे. गाण्याच्या मैफलीत तबला सगळ्यांना हवा असतो. पण तासभर नुसता तबला ऐकायला, पेशकार कसा उलगडतो, कायद्याचा विस्तार कुठून कुठे जातो हे लक्ष देऊन ऐकायला, फार थोडी माणसं येतात. त्या थोड्यांसाठी सगळी तयारी मात्र पूर्ण लागते. सर्वांत आधी लागतो लेहरा धरणारा. हार्मोनियमवर किंवा सारंगीवर एकच सुरावट तासभर, लय तसूभर न हलवता, पुन्हापुन्हा वाजवायची, ही साधी गोष्ट नाही. लेहरा डळमळला की वादकाने बांधलेली तिहाई समेवर येऊनही लटकी वाटते. म्हणून कोणत्या वादकाला कुणाचा लेहरा मानवतो, कुणाचा तबला काळी एकचा, कुणाचा काळी दोनचा, कुणाला चंद्रकंस लागतो आणि कुणाला कीरवाणी, हे आयोजकाला माहीत असावं लागतं. सभागृहाचा एसी आधी लावून ठेवला तर मंचावर आल्यावर तबल्याची पुडी उतरणार की चढणार, साउंडवाल्याने डग्ग्याचा माइक किती जवळ धरायचा, ज्येष्ठ गुरूंच्या आधी त्यांच्याच शिष्याला बसवलं तर चालेल का, दोन घराण्यांचे दोन मानी कलाकार एकाच गाडीतून आणावेत की नाही, हेही ठाऊक असावं लागतं. यातलं काहीही कागदावर नसतं. एका माणसाच्या डोक्यात असतं, आणि ते तिथे आहे याचा त्याला अभिमान असतो.

हा अभिमानच पुढे सभेच्या मुळावर येतो. आभारप्रदर्शनात दरवर्षी कुणीतरी म्हणतं, "तुमच्याशिवाय हे शक्यच नव्हतं." टाळ्या होतात, शाल-श्रीफळ होतं. म्हणणाऱ्याच्या मनात कृतज्ञता असते. पण ज्या सभेबद्दल हे वाक्य दरवर्षी खरं ठरतं, ती सभा दरवर्षी थोडी अधिक अशक्त होत असते. समितीत दहा नावं असतात आणि निर्णय एकाचा असतो. बाकीचे सतरंज्या घालतात, पाहुण्यांना स्टेशनवरून आणतात, चहा देतात. कामाला ते कमी नसतात. त्यांना कधी कलाकाराशी बोलू दिलेलं नसतं, एवढंच. पुढे मग तोच आयोजक तक्रार करतो की नवी मुलं जबाबदारी घेत नाहीत. ज्याला वीस वर्षं फक्त खुर्च्या लावायला सांगितल्या, त्याने एकविसाव्या वर्षी अचानक मानधनाची बोलणी करावीत, ही अपेक्षा रास्त नाही.

आपल्या संगीताच्या इतिहासात या प्रश्नाचं ठळक उत्तर आहे आणि ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय काढलं. संस्थानिकांच्या आश्रयावर न विसंबता लोकांच्या पैशांतून संगीताची शाळा चालवायची, हे त्या काळात केवढं धाडस होतं! १९०८ मध्ये त्यांनी ते काम मुंबईत आणलं. तिथे इमारत उभी राहिली, कर्जही उभं राहिलं. ते कर्ज फेडण्यासाठी बुवांनी गावोगाव कार्यक्रम केले. सगळा भार त्यांच्या गळ्यावर आणि त्यांच्या शब्दावर होता. १९२४ च्या सुमारास त्या मालमत्तेचा लिलाव झाला. पुढे नाशिकच्या आश्रमात त्यांचा काळ गेला आणि १९३१ च्या ऑगस्टमध्ये मिरजेत त्यांचं निधन झालं. कार्यकर्ता म्हणून त्यांच्याइतका मोठा माणूस आपल्याकडे क्वचितच झाला असेल, आणि त्यांनाही एकट्याच्या खांद्यावर संस्था पेलली नाही.

त्यानंतर जे घडलं ते मला अधिक मोलाचं वाटतं. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अहमदाबादेत एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. त्या शिष्यांत एकेक जण स्वतंत्र मैफल गाजवणारा होता. त्यांनी बुवांची गादी कुणा एकाला दिली नाही. मंडळ केलं, अभ्यासक्रम आखला, परीक्षा सुरू केल्या. आमच्या गावातल्या तबल्याच्या क्लासची मुलं आजही याच मंडळाच्या परीक्षांना बसतात, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत जातात. अनेक हातांवर काम वाटलं गेलं, म्हणून ते नव्वदहून अधिक वर्षं चाललं. या परीक्षापद्धतीवर टीका करण्यासारखं पुष्कळ आहे. पण टीका करण्यासाठी ती शिल्लक राहिली आहे.

पुण्यातला भारत गायन समाजही असाच. भास्करबुवा बखल्यांनी तो १९११ साली स्थापन केला आणि १९२२ मध्ये ते गेले. जेमतेम अकरा वर्षं. संस्थापकाचा सहवास इतका थोडा मिळालेली संस्था शंभरी पार करून गेली, ती मागे राहिलेल्या शिष्यांनी आणि कार्यकर्त्यांनी ती आपली मानली म्हणून. सवाई गंधर्व महोत्सव तर सर्वांना माहीत आहे. १९५३ मध्ये गुरूच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या या महोत्सवाचा प्राण भीमसेन जोशी होते. गायक तेच, निमंत्रण त्यांचं, शेवटच्या सत्राची ओढ त्यांच्यासाठी. २०११ च्या जानेवारीत ते गेले आणि त्यानंतरही महोत्सव भरतो आहे; रमणबाग सोडून मुकुंदनगरला गेल्यावरही भरतो आहे. यात मुलगा पुढे आला हे खरं. पण नुसता मुलगा असून भागत नाही. मागे आर्य संगीत प्रसारक मंडळ होतं, कामाची बसलेली घडी होती. आपल्यापैकी बहुतेकांची मुलं तबला वाजवत नाहीत आणि त्यांनी आपला छंद चालवावा अशी सक्ती करण्याचा हक्कही आपल्याला नाही. घराण्याची गादी हा सगळ्यांना पुरणारा उपाय नव्हे.

मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती स्पिक मॅके. आयआयटी दिल्लीतले प्राध्यापक किरण सेठ यांनी १९७७ साली ही चळवळ सुरू केली. शाळा-महाविद्यालयांत थोर कलाकारांना नेऊन बसवायचं आणि त्याचं आयोजन विद्यार्थ्यांनीच करायचं, ही तिची रीत. विद्यार्थी म्हणजे तीन-चार वर्षांत जाणारा माणूस. म्हणजे या चळवळीत कार्यकर्ता जाणार हे पहिल्या दिवसापासून गृहीत धरलेलं आहे. जाणाऱ्याने येणाऱ्याला शिकवायचं, हा तिथे अपवाद नसून रोजचा व्यवहार आहे. चुका होत असतील, एखाद्या कॉलेजात कार्यक्रम फसतही असेल. पण एक मुलगी पास होऊन गेली म्हणून देशभरातलं काम थांबत नाही. आपल्या गावातल्या सभांनी हे गृहीतक उचलायला हवं. प्रत्येक जबाबदारीला सुरुवात असते तशी मुदतही असावी, आणि ती मुदत ज्याची त्याला व इतरांना माहीत असावी.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. आमचे एक जुने श्रोते मला म्हणाले, "अहो, समित्यांनी कधी मैफल रंगवली आहे का? त्याला एक वेडा माणूसच लागतो." खरं आहे. ज्याला अजराडा घराण्याचा कायदा ऐकून रात्री झोप लागत नाही, असा कुणीतरी मध्यभागी नसेल तर सभा म्हणजे सरकारी कार्यक्रम होतो. ठराव होतात, फ्लेक्स लागतात, पाहुण्यांची भाषणं लांबतात आणि कलाकाराला वेळ उरत नाही. असे महोत्सव मीही पाहिले आहेत. पण या आक्षेपात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. वेड सोपवता येत नाही, हे मान्य. काम मात्र सोपवता येतं. परवाने, हिशेब, गाडी, निवास, वर्गणी, साउंड या सगळ्याला वेड लागत नाही, शिस्त लागते. वेड्या माणसाचा बहुतेक वेळ या कामांत जातो आणि ज्यासाठी तो या भानगडीत पडला, ते ऐकणं आणि कलाकार निवडणं, त्याला उरलेल्या फटींत करावं लागतं. कामं वाटली तर वेडाला वेळ मिळतो. आणि पुढचा वेडा माणूस यायचा असेल तर त्याला बसायला जागाही मोकळी असायला हवी. सगळी जागा एकाने व्यापली असेल तर त्या गावातली तशी माणसं दुसरीकडे जातात किंवा श्रोत्यांत शेवटच्या रांगेत बसून राहतात.

दुसरी गोष्ट आपण फारशी बोलत नाही. विनामोबदला आयोजनाची जी परंपरा आपण गौरवतो, तिचा खर्च कुणीतरी भरलेला असतो. कलाकार हॉटेलात न उतरता आयोजकाच्या घरी उतरतात, तेव्हा पहाटेचा चहा, पथ्याचं जेवण, रात्री दोन वाजता गरम पोळी हे सगळं त्या घरातल्या बाईने केलेलं असतं. तिचं नाव पत्रिकेत नसतं. पुष्कळदा ती मैफलीलाही बसलेली नसते, कारण मैफल चालू असताना ती स्वयंपाकघरात असते. सकाळी अकराची बँकेची वेळ साधता येणारी नोकरी, पाहुण्यांना पुरेल एवढं घर, आणि सगळं निभावून नेणारी गृहिणी या तीन गोष्टींवर मागच्या पिढीतला आयोजक उभा होता. आजच्या तिशीतल्या माणसाकडे यातलं काही नाही. नवरा-बायको दोघंही नोकरीला, दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि सुट्टी मागताना दहा वेळा विचार करावा लागणारं ऑफिस. त्याने आमच्यासारखं झोकून द्यावं असं म्हणणं म्हणजे त्याच्या परिस्थितीकडे डोळेझाक करणं आहे. त्याची निष्ठा कमी नाही; आमची रीतच त्याच्या आयुष्यात बसत नाही.

म्हणून मी समितीत आग्रह धरला की वर्षातले काही महिने एका समन्वयकाला मानधन द्यायचं. याला विरोध झाला. "सेवेत पैसा आला की सेवा संपते," असं सांगण्यात आलं. मला हे पटत नाही. कलाकाराला बिदागी देतो, मांडववाल्याला, साउंडवाल्याला, गाडीवाल्याला पैसे देतो. कलाकाराने पैसे घेतले म्हणून त्याच्या वादनातली निष्ठा कमी झाली असं कुणी म्हणत नाही. मग चार महिने फोन, पत्रं, परवाने आणि हिशेब करणाऱ्यानेच फुकट राबावं, हा नियम कुठून आला? फुकट कामाची अट घातली की काम फक्त निवृत्तांना आणि सुस्थितांना करता येतं. बाकीचे आपोआप बाहेर राहतात, आणि नंतर आपणच म्हणतो की तरुण येत नाहीत.

मग सगळं एखाद्या कंपनीलाच का देऊ नये, असंही काहींना वाटतं. अमेरिकेतल्या न्यूपोर्ट जाझ महोत्सवाचे जनक जॉर्ज वाइन यांनी १९५४ मध्ये तो सुरू केला आणि २००७ साली आपली कंपनी विकून टाकली. नव्या मालकांचा डोलारा दोनच वर्षांत कोसळला आणि ऐंशी ओलांडलेल्या वाइन यांना पुन्हा मैदानात उतरावं लागलं. त्यानंतर त्यांनी महोत्सव ना-नफा प्रतिष्ठानाकडे सोपवला. २०२१ मध्ये ते गेले, महोत्सव चालू राहिला. एवढ्या मोठ्या, नावाजलेल्या महोत्सवाची ही कथा. शंभर-दीडशे श्रोत्यांच्या तबल्याच्या सभेत कोणत्या कंपनीला रस असणार? आपल्याकडे कंपनी कायद्यानुसार मोठ्या उद्योगांना नफ्यातला दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्चावा लागतो आणि त्यात पारंपरिक कलांना जागा आहे. पण तो पैसा नोंदणी, लेखापरीक्षण आणि कागदपत्रं चोख असलेल्या संस्थेकडे जातो. ज्या सभेचा हिशेब एका माणसाच्या वहीत आहे, तिच्यापर्यंत तो पोहोचत नाही.

सोपवण्याची माझी पद्धत काय, असं मला विचारलं जातं. मोठं काही नाही. गेल्या सभेपासून कलाकारांशी बोलताना मी एका तरुण सहकाऱ्याला शेजारी बसवतो. पहिला फोन मी लावतो, बोलणं ती करते. सुरुवातीला कलाकार माझ्याशीच बोलायचे, "तुम्ही सांगा, तुम्ही सांगा" म्हणायचे. अशा वेळी गप्प राहणं फार अवघड जातं. पण गप्प राहावं लागतं, कारण कलाकाराचा विश्वास ज्याच्या आवाजावर बसतो त्याच्याकडेच तो राहतो. बँकेच्या खात्यावर सह्या बदलल्या. विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल केला. हे काम नव्वद दिवसांत करायचं असतं आणि किती तरी संस्था ते वर्षानुवर्षं करत नाहीत, मग गेलेल्या माणसांची नावं कागदोपत्री विश्वस्त म्हणून राहतात आणि सगळे व्यवहार अडतात. कोणत्या वादकाला कोणता लेहरा, कोणता सूर, कोणतं पथ्य, याची वही आता समितीकडे आहे. त्या वहीत काही गोष्टी मुद्दाम लिहिल्या नाहीत. कुणाचं कुणाशी पटत नाही ही नोंद पुढच्या पिढीने वारशात घेऊ नये असं मला वाटलं.

काम दिलं तर अधिकारही द्यावा लागतो, आणि इथे खरी कसोटी आहे. बाजूला झालेला आयोजक पहिल्या रांगेत बसून भुवया उंचावू लागला तर त्याने काहीच सोडलेलं नसतं. आमच्या नव्या समितीला सभा एकाच दिवसाची करायची आहे आणि तरुण स्त्री-वादकांसाठी एक पूर्ण सत्र ठेवायचं आहे. त्यातली दुसरी गोष्ट आम्ही फार आधी करायला हवी होती असं वाटण्याइतकी ती योग्य आहे. पहिली मला रुचत नाही. ती त्यांनी करावी. बदल याआधीही झालेले आहेत. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाले, आणि रात्रभर चालणाऱ्या मैफली व त्यांच्याबरोबर उत्तररात्रीचे राग मंडपातून जवळजवळ गेले. तेव्हा अनेक आयोजकांनी आता सगळं संपलं असं म्हटलं होतं. मग लोकांनी पहाटेची सत्रं सुरू केली, सभागृहात गेले, वेळा बदलल्या. बाहेरून लादलेला बदल आपण निभावतो; मग आपल्याच माणसांनी विचारपूर्वक केलेला बदल आपल्याला का सोसू नये?

आणि समजा, सगळं करूनही पुढच्या फळीने ठरवलं की ही सभा आता चालवायची नाही, तर तेही त्यांना ठरवता यावं. त्यासाठी शेवटची सभा जाहीर करून करावी, शिल्लक पैशांचा हिशेब द्यावा, ध्वनिमुद्रणं एखाद्या संग्रहाकडे सोपवावीत. असा शेवट सन्मानाचा आहे. "पुढच्या वर्षी बघू" म्हणून हवेत विरून जाणं हा श्रोत्यांचा आणि कलाकारांचा अपमान आहे.

शेवटी श्रोत्यांना एक विनंती. आपल्या गावात अशी एखादी सभा असेल, नाट्यसंगीताची, धृपदाची, भजनाची, कशाचीही, तर तिच्या आयोजकाचे पुढच्या खेपेला नुसते आभार मानू नका. त्याच्याकडे एक काम मागा. लहान, पण पूर्ण काम मागा, ज्याचा निर्णयही तुम्हीच घ्याल. तो द्यायला तयार नसेल तर समितीत तसं स्पष्ट बोला. आणि आयोजकांनो, कुणी काम मागायला आलं की ते द्या आणि दिल्यावर परत मागू नका. आपण या कलेसाठी केलेलं काम आपल्याबरोबर संपावं, असं आपल्यापैकी कुणालाच वाटत नाही. ते संपू नये याची तजवीज करणं आपल्या हातात आहे, आणि ती आपण चालते-फिरते असतानाच करता येते.